कृष्णवर्णीय अग्रणींचे प्रदर्शन शाळेत कसे मांडावे: कोल्हापूरसाठी नऊ फलक

आफ्रिकन वंशाच्या माणसांनी उद्योग, विज्ञान, राज्यकारभार आणि खेळ यांत पहिल्यांदा करून दाखवलेली कामे शाळेतल्या मुलांपुढे कशी मांडावीत, याची ही पद्धत आहे. अशा प्रदर्शनांत बहुतेक वेळा चेहऱ्यांची रांग असते आणि प्रत्येक चेहऱ्याखाली 'पहिला' किंवा 'पहिली' एवढेच लिहिलेले असते. मुले वाचतात आणि पुढे सरकतात. त्या माणसांचा खरा मान त्यांच्या कामात आहे, म्हणून फलकावर काम दिसले पाहिजे. आधी काय होते, या माणसाने नेमके काय बदलले, ते कसे चालते आणि वाटेत कोणी दार अडवले, हे सगळे तिथे आले पाहिजे. कोल्हापुरात हे जमवणे सोपे आहे, कारण यातली बरीच कामे जिल्ह्याच्या रोजच्या धंद्यांशी थेट जुळतात: साखर, गूळ, चामडे, शेती, तालीम.

अमेरिकेत हा विषय फेब्रुवारीत साजरा होतो. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची सुरुवात केली आणि १९७६ पासून पूर्ण महिना पाळला जाऊ लागला. आपल्याकडे मात्र फेब्रुवारीत दहावी-बारावीची धांदल असते. शाहू जयंतीचा मुहूर्त मनाने जवळचा आहे, पण जूनअखेरच्या पावसात व्हरांड्यातले फलक दोन दिवसांत सुटतात. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात सोयीचा. स्नेहसंमेलनासाठी पालक शाळेत येतातच, कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो आणि गुऱ्हाळे धुरावलेली असतात. पुढचा सगळ्यात महत्त्वाचा फलक याच गोष्टीवर उभा आहे.

जागा व्हरांड्यात घ्या किंवा हॉलमध्ये. दोन फूट रुंद, तीन फूट उंच असे नऊ फलक, मध्ये सहा-सहा इंच जागा सोडली तर २२ फूट सलग भिंत लागते. पहिला फलक ओळखीचा: जगाचा नकाशा आणि अटलांटिकपलीकडच्या गुलामव्यापाराचा मार्ग. सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी संपवणारा कायदा केला, अमेरिकेने १८६५ साली राज्यघटना बदलली, ब्राझीलने १८८८ साली गुलामगिरी संपवली. एवढी चार वाक्ये या फलकाला पुरेत. त्यांच्याशिवाय पुढच्या माणसांनी काय ओलांडले ते मुलांना कळणार नाही.

साखरेचा फलक: नॉर्बर्ट रिलियू

हा प्रदर्शनाचा कणा समजा. त्याला प्रयोगाचे टेबल आणि जास्तीत जास्त जागा द्या.

रिलियू १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मले. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे अभियंते. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले आणि तिथेच वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागले. त्या काळात लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे तिथे, उसाचा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत असत. गुलाम माणसे उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत. अंग भाजे, रस सांडे, साखर करपे, आणि प्रत्येक कढईतली वाफ वाया जाई. मुलांना हे समजावताना आपल्या गुऱ्हाळापासून सुरुवात करा. काहिलीखाली चुलाण पेटते, त्यात चिपाड जळते, आधण उकळते आणि पांढरी वाफ आढ्यातून बाहेर जाते. फलकाचा प्रश्न एकच ठेवा: या वाफेतल्या उष्णतेचे पुढे काय होते?

रिलियू यांनी ती पकडली. रसाची भांडी बंद करून त्यांनी एकापुढे एक जोडली. पहिल्या भांड्यात रस उकळला की त्याची वाफ दुसऱ्या भांड्यातल्या नळ्यांकडे जाते आणि तिथला रस तापवते. त्याच उष्णतेवर दुसरा रस उकळावा म्हणून दुसऱ्या भांड्यातला दाब कमी ठेवलेला असतो, तिसऱ्यात आणखी कमी. दाब कमी झाला की उकळबिंदू खाली येतो. शेवटच्या भांड्यात रस साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे तो करपत नाही आणि साखरेचा रंग उजळ राहतो. या रचनेचे पेटंट १८४३ साली मिळाले (क्रमांक ३२३७) आणि सुधारित रचनेचे १८४६ साली (क्रमांक ४८७९). निर्वात भांड्यात साखर शिजवण्याची कल्पना त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये आली होती, ती त्यांच्या नावावर घालू नका. एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याचे इंधन व्हावी आणि हे कारखान्यात रोज चालावे, हे त्यांचे काम. आज आपल्या कारखान्यांच्या बॉयलिंग हाऊसमध्ये चार किंवा पाच भांड्यांचा जो इव्हॅपोरेटर (रस आटवणारे यंत्र) असतो, त्याचा पाया हाच आहे. पालकांपैकी कोणी कारखान्यात कामाला असेल तर त्यांना या फलकापाशी अर्धा तास उभे राहायची विनंती करा. ते जितके सांगतील तितके फलकावर मावणार नाही.

फलकावर एक गणित द्या, आठवीची मुले ते सोडवतात. १०० किलो रसात १५ टक्के विद्राव्य पदार्थ आहेत. पाक ६० टक्क्यांचा हवा. १५ किलो पदार्थ म्हणजे ६० टक्के, तर पाक २५ किलो. म्हणजे ७५ किलो पाणी उडवायचे. एकाच भांड्यात साधारण १ किलो वाफ १ किलो पाणी उडवते, म्हणून ७५ किलो वाफ लागेल. चार भांड्यांत तीच वाफ चार वेळा कामाला येते, म्हणून हिशेबाने १९ किलोच्या आसपास. प्रत्यक्षात उष्णता गळते, त्यामुळे आकडा थोडा वर जातो. हे वाक्य गाळू नका, नाहीतर कारखान्यातले पालक बरोबर हरकत घेतील.

आता प्रयोग. साहित्य: २० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजा (दोन-तीन जादा), थर्मास, तापमापी, सायकलच्या ट्यूबचा नाण्याएवढा तुकडा. पाणी पाच मिनिटे खळखळ उकळा, मग ७० अंशांपर्यंत निवू द्या आणि थर्मासमध्ये ठेवा. सिरिंजमध्ये ५ मिली पाणी ओढा. टोक वर धरून आतली हवा पूर्ण बाहेर काढा. टोकावर रबराचा तुकडा बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या झटक्यात मागे ओढून धरा. पाणी उकळताना दिसते, चूल नसताना. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते.

फसते ते बहुतेक तीन कारणांनी. हवेचा बुडबुडा आत राहिला तर दाब पुरेसा उतरत नाही. पाणी ५० अंशांच्या खाली गेले तर मुलाच्या हाताच्या जोराने ते उकळत नाही, म्हणून थर्मासमधले पाणी दर वीस मिनिटांनी बदला. तिसरे कारण फसवे आहे. न उकळलेले नळाचे पाणी घेतले तर विरघळलेली हवा बाहेर पडते, मुलांना ते उकळणेच वाटते आणि चुकीची गोष्ट शिकवली जाते. ५० मिलीची सिरिंज घेऊ नका. तिचा दट्ट्या ओढायला दुपटीच्या आसपास जोर लागतो आणि तो हातातून निसटतो. गरम पाणी भरण्याचे काम शिक्षकानेच करावे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे जास्त उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तापमापीवर आधी हे दाखवले तर दाबाची गोष्ट मुलांना लवकर पटते.

फलकाच्या शेवटी एक कटू गोष्ट लिहायला हवी. या यंत्राने रस ओतणाऱ्या माणसांचे भाजणे कमी झाले, पण नफा गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांच्या खिशात गेला. यंत्र बसवायला आलेल्या रिलियूंनाही वर्णभेदाचे नियम लागू होतेच. शेवटी ते पॅरिसला परतले आणि १८९४ साली तिथेच वारले. हे वगळले तर फलक जाहिरातीसारखा होतो.

चामड्याचा फलक: यान मात्सेलिगर

यान अर्न्स्ट मात्सेलिगर १८५२ साली सुरीनामच्या पारामारिबो शहरात जन्मले आणि पुढे अमेरिकेतल्या लिन या बूट बनवणाऱ्या गावात आले. बुटाच्या कामात सगळ्यात अवघड टप्पा म्हणजे वरचे चामडे लाकडी पायाच्या साच्यावर ओढून, पुढच्या गोलाईला चुण्या घालून, तळाला खिळवणे. हे काम फक्त हाताने होते असे सगळे मानत. कसलेला कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड करी. मात्सेलिगर रात्री इंग्रजी आणि यंत्रशास्त्र शिकत आणि सिगारच्या लाकडी खोक्यांपासून नमुने बनवत. २० मार्च १८८३ रोजी त्यांना पेटंट मिळाले, क्रमांक २७४२०७. आराखडा इतका गुंतागुंतीचा होता की पेटंट कार्यालयाने यंत्र पाहायला माणूस लिनला पाठवला. यंत्र दिवसाला १५० पासून ७०० जोडांपर्यंत काम करी. बुटांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. क्षयाने १८८९ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

इथे एक चूक हमखास होते. फलकावर कोल्हापुरी चपलेचे चित्र लावून 'या यंत्राने चप्पल बनते' असे लिहिले जाते. ते खोटे आहे. कोल्हापुरीला वरचे बंद चामडेच नसते. तळ, कान, पट्टा आणि अंगठा चामड्याच्या वादीने हाताने शिवतात, साच्यावर काही ओढावे लागत नाही. म्हणून दोन्ही वस्तू शेजारी ठेवा आणि फरक दाखवा. चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानदाराकडून अर्धी शिवलेली चप्पल आणि बूट दुरुस्त करणाऱ्याकडून जुना लाकडी साचा चार दिवसांसाठी मागा. साच्यावर रेक्झिनचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा द्या आणि तो सुरकुती न पडता पंज्यावर बसवायला सांगा. दोन मिनिटांत कळते की गोल टोकाशी कापड जास्त होते आणि चुण्या पडतात. त्या चुण्या एकसारख्या, छोट्या आणि घट्ट बसवणे हेच यंत्राने शिकले. खिळे आणि टोचा टेबलावर ठेवू नका, कापडी चिमटे पुरतात.

जमिनीचा फलक: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अखेरच्या वर्षांत झाला. १८९६ पासून ते टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शेतीशास्त्र शिकवत. कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळे घ्या, हे त्यांनी गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगितले. शेतकरी शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून १९०६ साली घोडागाडीवर चालती शाळा पाठवली. १९१६ च्या त्यांच्या पत्रिकेत भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार होते. पीनट बटर मात्र त्यांनी शोधले नाही. ही दंतकथा पालकांच्या तोंडी असते, म्हणून फलकावर तसे स्पष्ट लिहा.

इथे जिवंत रोप ठेवा. डिसेंबरात भुईमूग मिळणार नाही, पण हरभरा ४० ते ६० दिवसांचा असतो आणि त्याच्या मुळांवरही गाठी असतात. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. भोवतालची वीतभर माती खुरप्याने सैल करून ढेकळासकट उचला, बादलीत अर्धा तास भिजवा आणि हलक्या हाताने धुवा. गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल दिसली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते. रासायनिक नत्र भरपूर दिलेल्या रानातल्या रोपाला गाठी कमी असतात. असे रोप मिळाले तर तेही शेजारी ठेवा, शेतकरी पालक त्याच्यापाशी हमखास थांबतात.

शीतवाहनाचा फलक छोटा चालेल. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांचे शिक्षण जेमतेम झाले होते, बाकी सगळे ते यंत्रे उघडून शिकले. १९३८ च्या सुमारास त्यांनी ट्रकवर चालणारे शीतयंत्र बनवले. अडचण थंड करण्याची नव्हती, रस्त्याच्या हादऱ्यांत ते टिकवण्याची होती. पहिले यंत्र गाडीखाली बसवले, चिखल-धुळीने ते बिघडू लागले, तेव्हा ते पुढच्या बाजूला वर नेले. महामार्गावर आइस्क्रीमच्या किंवा औषधांच्या गाडीच्या पुढच्या भागात वर जी पेटी दिसते ती याच विचारातून आली. सहलीच्या बसमधून अशा गाड्या मोजायला सांगा.

मैदानाचा फलक भिंतीवर असू द्या, पण त्यातली मोजमापे मैदानावर आखून दाखवा. जेसी ओवेन्स यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके घेतली आणि लांब उडीत ८.०६ मीटर गाठले. फक्कीने उडीची रेघ आखा, तिथून टेपने ८.०६ मीटर मोजून दुसरी रेघ आखा, मधे काही ठेवू नका. मुले स्वतः उडी मारून पाहतात आणि मधले अंतर बघून गप्प होतात. ॲलिस कोचमन यांची उंच उडी १.६८ मीटर, १९४८, लंडन. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. भिंतीवर १.६८ मीटरला रंगीत टेपची पट्टी लावा, बहुतेक मुलींच्या ती डोक्यावरून जाते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीयांना चांगली मैदाने बंद होती, म्हणून कोचमन मातीच्या रस्त्यावर धावल्या आणि दोऱ्या-काठ्या बांधून उडीचा सराव केला. पदक घेऊन गावी परतल्या तेव्हा सत्कारातही गोरे आणि काळे वेगळे बसले. त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या आखाड्यात घडलेले खाशाबा जाधव सहावे आले होते, पुढे १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले. दोघांची नावे एकाच फलकावर, एकाच वर्षाखाली लिहा.

इथियोपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून पन्हाळा गाठून परत येण्याएवढे. हिशेब केला तर १०० मीटरला सुमारे १९ सेकंद. १०० मीटरची पट्टी आखा, घड्याळ द्या आणि १९ सेकंदांत धावायला सांगा. बहुतेक मुलांना जमते आणि ती खूश होतात. मग सांगा, आता हेच न थांबता आणखी ४२१ वेळा. खडे वेचून घेतल्याशिवाय अनवाणी कोणाला धावू देऊ नका.

मलिक अंबरचा फलक नकाशाच्या लगेच नंतर, दुसऱ्या क्रमांकावर लावा, कारण तो इथल्या मातीतला आहे. सुमारे १५४८ साली इथियोपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत आला. मोगलांनी १६०० साली अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाही त्यानेच सावरली. १६१० साली त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या उताराच्या नळांनी शहरात आणले. गनिमी युद्धाने मोगल फौजा हैराण केल्या. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. करवीर गादीचे मूळ पुरुष आणि एक हबशी सेनापती एकाच रणात उभे होते, हे कोल्हापूरच्या मुलांना सांगितलेच पाहिजे. जहांगीर मलिक अंबरच्या शिरावर बाण मारतो आहे असे एक मोगल चित्र प्रसिद्ध आहे. तसा प्रसंग कधी घडला नाही. अंबर १६२६ साली वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. चित्र लावलेच तर ते काल्पनिक आहे असे खाली ठळक लिहा.

शेवटचा फलक दोन प्रवाहांच्या भेटीचा. महात्मा फुले यांनी १८७३ सालचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन्ही पत्रे डुबॉइस यांच्या संग्रहात इंटरनेटवर पाहता येतात. याच फलकावर १९२० ची माणगाव परिषद येऊ द्या, ती आपल्या जिल्ह्यातली. मात्र जात आणि वर्ण एकच आहेत असे लिहू नका. लढे एकमेकांकडे पाहत होते, एवढे सिद्ध आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

'पहिला' लिहिण्याआधी

मजकूर शिक्षकांनी तपासावा आणि 'पहिला' हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारावेत: कोणांमध्ये पहिला, कुठे पहिला, नेमके काय करण्यात पहिला? उत्तर न देता आले तर शब्द काढून टाका. अंतराळाचा फलक याचे उत्तम उदाहरण आहे. गियन ब्लुफर्ड १९८३ साली अंतराळात गेले. ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पण क्यूबाचे आर्नाल्दो तामायो मेंदेस १९८० साली सोव्हिएत यानातून जाऊन आले होते. आफ्रिकन वंशाचे पहिले अंतराळवीर ते. मे जेमिसन १९९२ साली गेल्या, त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. तिन्ही वाक्ये खरी आहेत, फक्त शब्द जागच्या जागी असायला हवेत. तिथेच नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांचे काम द्या. १९६२ साली अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्याआधी संगणकाचे आकडे जॉन्सन यांच्याकडून हाताने तपासून घ्यायला सांगितले होते.

डुबॉइस यांच्याबाबतही हेच. १८९५ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. अमेरिकेत पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय मात्र एडवर्ड बूशे, येल विद्यापीठ, १८७६, विषय भौतिकशास्त्र.

मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांतली काही विधाने जशीच्या तशी उतरवली जातात. लुइस लॅटिमर यांनी विजेचा दिवा शोधला नाही. त्यांनी दिव्यातली कार्बनची तार बनवण्याची सुधारित पद्धत शोधली आणि १८८२ साली तिचे पेटंट घेतले. गॅरेट मॉर्गन यांचे १९२३ चे पेटंट तीन स्थितींच्या वाहतूक खांबाचे आहे, सिग्नल त्याआधीही होते. डॉ. चार्ल्स ड्रू गोऱ्यांच्या रुग्णालयाने नाकारल्यामुळे वारले ही कथा सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. १९५० च्या मोटार अपघातानंतर डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला होता. खरा अन्याय वेगळा होता आणि तो लिहा. रक्तातला प्लाझ्मा साठवून युद्धकाळात पाठवण्याची व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांच्याच देशात कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले आणि नंतर वेगळे ठेवले गेले. खोटी गोष्ट पकडली गेली की ऐकणारा खऱ्या अन्यायावरही शंका घेतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पेटंटची खात्री दहा मिनिटांत होते. गूगल पेटंट्सवर अमेरिकेचा संक्षेप (US) आणि क्रमांक टाकला की मूळ कागद दिसतो. तिथले रेखाचित्र उतरवून घ्या. ही चित्रे जुनी, हक्कमुक्त आणि रेघांची असल्याने मोठी छापली तरी स्पष्ट राहतात. धूसर चेहऱ्यापेक्षा मात्सेलिगरच्या यंत्राचे दोन फुटी रेखाचित्र कितीतरी बोलके आहे. नासाची छायाचित्रेही सहसा मोफत वापरता येतात. मराठी संदर्भासाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय गाठा.

छपाई आणि मांडणी

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण त्याच्यावर ट्यूबलाइट चमकते आणि कडा वळतात. ५ मिलिमीटर सनबोर्डवर व्हिनाइल आणि वर मॅट लॅमिनेशन घ्या. नऊ फलकांचे ५४ चौरस फूट होतात, त्या मापाने दर विचारा. एका फलकावर १३० पेक्षा जास्त शब्द नको. मथळा १०० पॉइंट, मजकूर ३६ पॉइंट दोन स्तंभांत, चित्राखालची ओळ २४ पॉइंट. दहा इंच रुंद छापायचे चित्र किमान १५०० पिक्सेल रुंद हवे. व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर लहान होऊन जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा अक्षरांचा होतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये चिकटवला की रफार उडतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते, जोडाक्षरे फुटतात. शाळेतच पीडीएफ बनवा, फाँट आत बांधलेला असू द्या, आणि छापण्याआधी ए-४ आकारात नमुना मागा. नमुन्यात 'मात्सेलिगर', 'कार्व्हर', 'कृष्णवर्णीय', 'र्‍हास' असले शब्द बोट ठेवून वाचा. विदेशी नावांचे लेखन सर्व फलकांवर एकसारखे आहे ना तेही पाहा.

फलकाचा मध्य जमिनीपासून सव्वाचार फुटांवर ठेवा. पाचवीची मुले आणि पालक दोघांना तो चालतो. चुन्याच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, पापुद्र्यासकट निघतो. वरच्या बाजूला दोन भोके पाडून बांबूच्या किंवा खिडकीच्या गजाच्या आधाराने सुतळीने टांगा, आणि खालचे कोपरेही बांधा, व्हरांड्यात वारा असतो.

प्रत्येक फलकापाशी दोन मुले, आळीपाळीने. पाठ करून घेतलेले भाषण नको. त्यांना तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: आधी काय होते, काय बदलले, आणि टेबलावरची वस्तू कशी वापरायची. बोलणे दीड मिनिटात संपावे. पाहुण्यांकडून वर्णावरून शेरे येऊ शकतात, 'काळा' म्हणून हसणेही होते. मुलांना आधीच सांगून ठेवा की वाद न घालता शिक्षकांना बोलवायचे. चेहरा काळा करून वेशभूषा करू देऊ नका. ज्यांच्या कामाचा मान राखायला प्रदर्शन आहे त्यांचीच ती थट्टा ठरते.

एक वही ठेवा आणि त्यावर 'चूक दाखवा' असे लिहा. साखर कारखान्यातले, चामड्याच्या धंद्यातले, शेतीतले लोक ज्या दुरुस्त्या सुचवतील त्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या स्टिकरवर छापून फलकावर चिकटवा. संपल्यावर फलक आडवे, एकावर एक, मध्ये वर्तमानपत्र घालून ठेवा. उभे ठेवले तर सनबोर्ड वाकतो. सिरिंजा, लाकडी साचा, फक्कीच्या मोजमापांचा कागद आणि पीडीएफची पेनड्राइव्ह एका खोक्यात भरा आणि खोके फलकांसोबतच ठेवा. तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेने मागितले तर सगळे एकत्र देता येते.